व्याह्यांना कळावं म्हणून

अकरा पानं. टाइप केलेली, कडेला पेन्सिलीच्या दुरुस्त्या.
नवरीच्या आजोबांनी, एमे शार्व्हे, वय शहाऐंशी,
आपल्या गावाचा इतिहास-भूगोल लिहून पाठवलाय
बिबवेवाडीच्या शेडग्यांना.
मला पानाला साडेचारशे मिळणार.

पहिलं वाक्य : आमचं गाव उंच आहे.
दुसरं : त्याबद्दल माफी असावी, तुम्हाला चढावं लागेल.

उंची तेराशे चाळीस मीटर. घरं अडतीस,
धूर निघतो नवांतून.
नदीच्या अलीकडे उन्हाची बाजू, पलीकडे सावलीची;
सावलीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य येतच नाही.
‘पलीकडची मुलगी करू नये म्हणायचे,
थंड निघते.
माझी बायको पलीकडची होती.’
इथे पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलंय.
खोडलेलं मी भाषांतरात घेतलं नाही.

शनिवारी कच्चा खर्डा घेऊन शेडग्यांकडे गेले.
रामचंद्र शेडगे, नवऱ्या मुलाचे वडील,
पीएमटीतून निवृत्त, पाय खुर्चीवर घेऊन बसलेले.
मी वाचलं : ‘गावावरून एक पर्वतीय मार्ग इटलीत उतरतो.’
थांबा, म्हणाले. बैल जातो का त्यातून?
मी पान उलटून पाहिलं. खेचर जातं, मिठाचं.
मग घाट लिहा.
आणि हा दुसरा, हिमनदीच्या बाजूचा?
त्यातून माणूसच, तोही हात टेकत.
मग ती नाळ.
पर्वतीय मार्ग म्हणे! काका हसले, चहा सांडला,
तिसऱ्या पानावर अजून डाग आहे.

त्यानंतर मी शब्द विचारत गेले, ते देत गेले :
सोंड, पदर, टेप, घळ, झाप.
उन्हाळ्यात गुरं वर नेतात, तिथल्या दगडी खोपटांना झाप.
कोसळणाऱ्या बर्फाला मात्र शब्द मिळेना.
दरड म्हणू?
दरड वाजते आधी, म्हणाले. हे वाजतं का?
शार्व्हे लिहितात : वाऱ्याने दारं आत ढकलली,
आवाज नंतर आला. सतरा माणसं. साल १८४७.

सातवं पान मी हळू वाचलं.
हिवाळ्यात कुणी गेलं तर जमीन गोठलेली,
कुदळ उडते.
मग मयताला चादरीत बांधून छपरावर ठेवायचे, बर्फात,
एप्रिलात माती मऊ होईपर्यंत.
खाली चूल, जेवणं, पोरांचा अभ्यास.
लहानपणी एमे आपल्या आजीखाली झोपले
अकरा आठवडे.

मला वाटलं हे शेडग्यांना चालणार नाही, लग्नघर आहे.
ते म्हणाले, आमच्यात पावसाळ्यासाठी
मयताची लाकडं वेगळी रचलेली असायची, माळ्यावर.
भिजू द्यायची नाहीत. चुलीला लावायची नाहीत.
कुणासाठी ते आधी कुणालाच माहीत नसायचं.
मग आतून आणखी एक चहा मागवला.

पुरुष हिवाळाभर पॅरिसला, धुराडी साफ करायला.
(आमचे भुसार बाजारात, पोती.)
चौकात दगड, चौदा नावं, त्यांत पाच शार्व्हे.
शाळा बंद झाली तेव्हा पटावर दोन,
आणि ते दोघे एकमेकांशी बोलत नसत.

अकराव्या पानावर, तळाला :
आता तुमच्या गावाबद्दल लिहा. नकाशाही काढा.

शेडगे बराच वेळ खिडकीतून
समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघत होते.
हिर्डोशी मावळात होतं, म्हणाले.
धरण झालं.
नकाशा काय काढायचा, निळं रंगवायचं नुसतं.

लिहा तुम्ही :
व्याहीबुवा, आमचं गाव खोल आहे.

इथे मी अडले. फ्रेंचमध्ये विहीर खोल असते,
झोप असते, दरी असते. गाव नसतं.
कागदावर तसंच ठेवलं, खाली रेघ मारली.

पुढे?
मे महिन्यात या म्हणावं. पाणी उतरलं की
देवळाचा चौथरा दिसतो, आमच्या दाराचा उंबरा दिसतो,
चिखल वाळलेला असतो, बसता येतं.

आणि त्यांचं वय झालंय ना,
तर हेही लिहा.
चढ नाही. उतार आहे.